उजेडाच्या मधली वाट

आमचे सर खाली वाकताना डोळे मिटत. खडू पडला, चपलेचा पट्टा लावायचा, शेतातलं तण उपटायचं, काहीही असो. आधी डोळे घट्ट मिटायचे, मगच मान खाली. त्यांच्या गावात, तलमडुगुत, लोक म्हणत, "सरच्या समोर कोनी तरी उभं रायते. त्याच्याकडं पायत नाही ते."

खरं कारण मला आदिलाबादच्या कॉलेजात कळलं. इथं शिकवायला येण्याआधी सर दूरच्या शहरात एका प्रयोगशाळेत होते. तिथं लेसरचा किरण टेबलावरून जातो, वाकणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, आणि दिसतही नाही. एकदा सर डोळे मिटायला विसरले. उजव्या डोळ्याच्या मधोमध भोक पडलं. "दुखलं नाही बाबू," ते सांगत. "समोरच्या मानसाचं तोंड तेवढं गेलं." वर्गात कधी कधी ते डावा डोळा हातानं झाकून एखाद्याकडे बघत आणि शांतपणे म्हणत, "आता तू नाही." पोरं हसत. मला कधी हसू आलं नाही.

त्यांचं काम अर्धवट राहिलं होतं. अणू बंदुकीच्या गोळीसारखे धावतात. सहा बाजूंनी लेसरचा उजेड मारून त्यांना दमवायचं, मधोमध कोंडायचं, आणि उजेड परत फिरवणाऱ्या एका आरशाला बारीक भोक ठेवायचं. तेवढ्याच रेघेत उजेड परत येत नाही. त्या सावलीतून गार पडलेले अणू सुटतात, त्यांची धार लागते. "उजेडानं धरता येते, सोडाले अंधारच लागते," हे सरांचं बोलणं. धार लागायच्या आधीच त्यांचा डोळा गेला आणि त्यांना घरी यावं लागलं. "आरसा म्या बसवला. मी गेल्याबिगर धार निंगत नाही," ते सांगत. आवाज अगदी साधा, जसं काही पाहुणा वाट बघून राह्यला आहे.

आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिला. हे मी मान वर करून सांगतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी सरांनी मला त्याच प्रयोगशाळेत धाडलं. तिथल्या काचेच्या भांड्यात डोळ्याला काहीच दिसत नव्हतं. कॅमेरा जोडलेल्या टीव्हीवर मात्र कोंडलेल्या अणूंचा पांढरा गोळा लटकत होता. एक दिवस त्या गोळ्यातून रेघ निघाली. आवाज नाही, काही नाही. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मला सरांचं 'मी गेल्याबिगर' आठवलं.

सुट्टीत सरांकडे गेलो. सांगावं की नाही, रस्ताभर ठरेना. त्यांनीच विचारलं, "निंगाली?"

"निघाली, सर."

"वेग?"

"उटनूरच्या बसइतका."

ते हसले. "मंग तं लयच हळू." मग म्हणाले, "माह्याबिगर निंगाली." आणि आत हाक मारली, "माय, पेटी खाली काढ."

पेटीत स्वेटर, पांढरा कोट, लेसरचा चष्मा. गावी आले त्या दिवसापासून परत जायला बांधून ठेवलेलं. त्यांच्या मायनं एकेक कपडा झटकून खुंटीला लावला.

"आता रायशीन न घरी?" तिनं सरांना विचारलं.

"हो."

मी निघालो तेव्हा मायनं दारात दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं, उन्हाकडे वळवलं. "तुह्या डोयात तं नाही न गेलं ते?"

"नाही, माय."

पण लाईट गेली की ती पांढरी रेघ मला दिसते. अजूनही.