‘इतर’ची ओळ

लॅपटॉप घेऊन जगात कुठेही बसून नोकरी करता येते, यावर आमच्या आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कधीच विश्वास बसला नाही. ऑफिस नाही, साहेब दिसत नाही, व्हिसा संपला की पोरगी देश बदलते. यात काहीतरी भानगड असणार, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी बोरी बुद्रुकला सुट्टीवर आले की दुधात पाणी आहे का बघावं तसे ते माझ्याकडे बघायचे. उभी हयात एका दूध संस्थेचं सचिवपद केलेला माणूस, दुसरं काय करणार.

संशय माझ्याही रक्तात आहे, हे कबूल करते. व्हिएतनाममध्ये दा नांगला राहत होते तेव्हा घरमालकीण हसून बोलली तरी मी आधी विजेचा मीटर बघून यायची. महिन्याचा सगळा खर्च शीटमध्ये लिहायची: भाडं, जेवण, स्कूटर, व्हिसा, डास मारायची अगरबत्तीसुद्धा. कमाईतला निम्मा पैसा मागे टाकायचा, हा माझा हट्ट होता.

मागच्या सुट्टीत आण्णांचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मी ती शीट नारायणगावात छापून आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि आईला हाक मारली. भाडं साठ लाख. मी घाईघाईने सांगितलं, की ते तिथले डाँग आहेत, तीनशेने भागा, वीस हजार रुपये होतात. त्यांनी भागाकार करून पाहिला, पण चेहरा काही सैल झाला नाही.

पुढचे तीन दिवस ते कागद घेऊन ओट्यावर बसले. मी जवळ गेले की कागद पालथा. कुणाला तरी फोन करून चौकशी करताहेत, असं मला वाटायला लागलं. चौथ्या दिवशी ते रानात गेल्यावर मी चोरून कागद पाहिला. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीची बरोबरची खूण होती. फक्त ऑगस्टमधल्या एका ओळीभोवती गोल काढला होता. ‘इतर’: एक कोटी वीस लाख डाँग, म्हणजे चाळीस हजार रुपये. त्या ओळीत काय आहे ते घरात कुणालाच कळू द्यायचं नव्हतं. कळलं असतं तर माझं परदेशात जाणंच बंद झालं असतं.

संध्याकाळी आण्णांनी चहा संपवला. मग कागद माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “अगरबत्ती लिवलीस. चपलेचा अंगठा शिवला ते बी लिवलंस. मंग एवढ्या मोठ्या रकमेला नाव नाय व्हय?”

मी बँकेचे आकार, लॅपटॉपची दुरुस्ती असं काहीबाही सांगायला लागले. त्यांनी मला पुरतं बोलू दिलं. संस्थेत असताना त्यांचा एक ठोकताळा होता, तो त्यांनी आता मला ऐकवला: किरकोळ खर्च फुगला, की समजायचं कुणीतरी काहीतरी झाकलंय. तुझं ‘इतर’ म्हणजे आमचं ‘किरकोळ’च, असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले.

मग मी खरं सांगितलं. डेंग्यू झाला होता. आठ दिवस दवाखान्यात होते, आणि त्या वर्षी पैसे वाचवायचे म्हणून विमा काढला नव्हता. आई पदराने डोळे पुसायला लागली. आता विम्यावरून बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. पण आण्णांनी वेगळंच विचारलं.

“डबा कोण आणत व्हतं?”

मी म्हटलं, तिथे डबा लागत नाही. हे धडधडीत खोटं होतं. माझ्या शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिन्हीत्रिकाळ घरचा डबा येत होता. माझ्यासाठी घरमालकीण दोनदा भाताची पेज घेऊन आली, आणि हे भाड्यात लावणार असं धरून मी ती नाराजीनेच प्यायले. तिने एक डाँगही लावला नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

आण्णांनी मला परत परदेशी जाऊ दिलं, पण अटीवर: विमा काढायचा, दर महिन्याला शीट पाठवायची आणि तीत ‘इतर’ ही ओळ नको. मला रागच आला. मीही म्हटलं, मग तुम्हीपण घरखर्चाचं पान पाठवा. ते लगेच कबूल झाले.

तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्या वहीच्या पानाचा फोटो येतो. भुसा, तेल, गॅस, आणि तळाला किरकोळ शंभर-दीडशे. गेल्या महिन्यात किरकोळ अठरा हजार होतं.

मी पान मोठं करून ओळ न् ओळ वाचली. नारायणगाव एसटी, ये-जा, अर्धं तिकीट. लागोपाठ पाच दिवस तेच. अर्धं तिकीट बायकांना लागतं, आण्णांना अजून पूर्ण पडतं, म्हणजे आई रोज एकटीच जात होती. एकटीने जवळच्या आळेफाट्याच्या पुढे न जाणारी बाई. अठरा हजार झाकणाऱ्या माणसाला एसटीचं तिकीट मात्र झाकता आलं नव्हतं.

मी फोन लावला. आण्णांचा आवाज बसलेला होता. मी सरळच विचारलं, “आई पाच दिवस कुणाचा डबा नेत होती?”

मागे आईने भांडं ठेवल्याचा आवाज आला. छातीत कफ झाला व्हता, दवाखान्यात ठेवलं व्हतं, आता उतरलाय, असं ते पुटपुटले. मी चिडले. मला ‘इतर’ लिहू देत नाही आणि स्वतः अठरा हजार किरकोळात घालता, असं फाडकन बोलून गेले.

“अगं, डबा येत व्हता ना मला,” ते म्हणाले. “म्हणून तर किरकोळ लिवलं.”