डोळे मिटलेत, रिजेक्ट!

मावशीच्या दुकानाच्या दर्शनी काचेला काळं कापड लागलं तेव्हा अख्ख्या गल्लीला वाटलं की कोणीतरी गेलं. शेजारचा किल्लीवाला तर चेहरा पाडून आत आला आणि हळूच म्हणाला, "ताई, काय झालं हो?"

काही झालं नव्हतं. मावशीने काचेतला फोटो काढला होता, बस. तो फोटो माझा होता! मी वर्षाची असतानाचा, फ्रॉकमधला, बटाट्याएवढे डोळे. मी कॉलेजात गेले तरी तो तिथेच, आणि भाजी आणायला गेलं तरी लोक म्हणायचे, "काचेतली तूच ना?" त्यामुळे तो गेला याचा मला आनंदच झाला. पण मावशीने पुढे जे जाहीर केलं त्याने आईचं डोकं फिरलं.

"आता काचेत असा फोटो लागेल, ज्यातल्या कोणाला मी हलू नका म्हटलेलं नाही. तोवर कापड."

आई म्हणाली, "मग झाकूनच ठेव कायमचं. झोपेतसुद्धा हलू नका म्हणतेस तू. गावी गेलो की माझ्याच शेजारी झोपतेस, मला माहितीये."

माझी मावशी पासपोर्ट फोटोवाली आहे. तिचं खरं नाव गल्लीत कोणाला आठवत नाही, तिला सगळे 'हलूनका' म्हणतात. हलूनकाकडे जाऊन ये, हलूनकाकडे चार कॉप्या सांगून ये. दुकान म्हणजे एक खोली. मागे पांढरा पडदा, पुढे स्टूल, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा (न बांधलेले तीन पळवले लोकांनी), आणि खुंटीवर एक काळा कोट, जो गल्लीतल्या प्रत्येक नोकरी शोधणाऱ्या माणसाने एकदा तरी घातलाय. मावशी येते, दोन बोटांनी हनुवटी खाली करते, "हलू नका" म्हणते, खट्. मग लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघते. डोळे मिटलेले असले की अंगठा आपोआप जातो. "डोळे मिटलेत, रिजेक्ट. परत बसा." डिलीट. इतकं पटकन की समोरच्याला कळतही नाही.

हा अंगठा लक्षात ठेवा हं. सगळी भानगड त्या अंगठ्यानेच केली.

तर या सगळ्याची सुरुवात झाली ओळखपत्राचा फोटो काढायला आलेल्या एका काकांपासून. ते समुद्रकाठच्या पक्ष्यांच्या वसाहतीचे राखणदार. स्टुलावर बसले पण मान सारखी वर. मावशी वैतागली, "अहो काका, छताला काय लागलंय?" तर ते ओशाळून म्हणाले, "सवय झालीये हो. दिवसभर वरच बघतो. तुम्ही एकदा येऊन बघा, मग तुमचीही मान जागेवर राहायची नाही."

मावशी सुट्टीच्या दिवशी गेली. आणि तिथून जी परत आली ती माझी मावशीच नव्हती! चपला उलट्यापालट्या टाकल्या, पाणी न पिता बोलत सुटली. "अगं, हजारोंनी आहेत! सुरय म्हणतात त्यांना. पांढरे, डोक्यावर काळी टोपी, शेपटीला दोन टोकं. जमिनीवरच अंडी घालतात. आणि पिल्लू उडायला लागलं ना, की बाप मासा घेऊन येतो आणि हवेत देतो. हवेत! या चोचीतून त्या चोचीत! थांबत नाही, बसत नाही, सट्कन. मला तर पहिल्यांदा दिसलंच नाही, काका बघा बघा म्हणेपर्यंत संपलं."

मग शांत झाली आणि म्हणाली, "आयुष्यभर मी माणसांचे दगड करत आले. मला एक तरी असा फोटो पाहिजे."

आणि दुसऱ्या दिवशी कापड.

त्यानंतर प्रत्येक सुट्टीला मावशी गायब. कोणाची तरी वापरलेली लांबलचक लेन्स मिळवली, ती दुपट्यात गुंडाळून तान्ह्या बाळासारखी न्यायची. संध्याकाळी मी दारातच विचारायचे, "मिळाला?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

किल्लीवाला रोज टोमणा मारायचा, "काय ताई, अमावस्येचा फोटो लावलाय का काचेत? छान आलाय, अगदी हुबेहूब!" मावशी हसायची, पण मला दिसायचं की तिला लागतंय. एकदा कॅमेरा पुसता पुसता मला म्हणाली, "मला जमत नाहीये गं. बसलेल्या माणसाचेच फोटो येतात मला." मी लगेच म्हटलं, पुढच्या वेळी मी येणार.

आणि पुढची वेळ म्हणजे शेवटची वेळ होती! राखणदार काकांनी सांगितलंच होतं, पिल्लं उडायला लागली, आता वसाहत उठणार, उद्यापासून लपण बंद. लपण म्हणजे लाकडाचं खोपटं, भिंतीला आडवी फट, आपण आत, पक्षी बाहेर. आज नाही तर वर्षभर कापड. वर्षभर अमावस्या.

लपणाकडे जातानाच माझ्या डोक्यात टक्कन चोच बसली. मी किंचाळले. काका ओरडले, "काठी वर धरा, काठी! ते सगळ्यात उंच वस्तूला मारतात!" मग आम्ही तिघं काकांनी निघताना दिलेल्या काठ्या उंच धरून चाललो, वरून पांढरे शिंतोडे पडतायत, आणि आवाज! हजार मुलांची मधली सुट्टी एकदम झाली असं वाटत होतं.

आत बसलो. मी फटीतून बघितलं आणि मला काही म्हणजे काही कळेना. सगळं पांढरं सळसळतंय. मासेवाला पक्षी दिसला म्हणेपर्यंत गेला.

"मावशी, तुला कळतं कसं कुठे बघायचं?"

"मासेवाल्याकडे बघायचंच नाही," ती कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाली. "पिल्लाकडे बघ. बाळाचा फोटो काढताना मी त्याच्या आईकडे बघते का? ती मागे खुळखुळा घेऊन नाचत असते. मी बाळाकडेच बघते. त्याला ती दिसली की त्याचं तोंड आधी बदलतं. यांचंही तसंच. एवढ्या गोंधळात पिल्लू फक्त आपल्या बापाचा आवाज ओळखतं. बघ, ते बघ, ते थरथरलं, मान वळली, आला, आला..."

खटखटखट्!

मी तर उडालेच. मावशीने कॅमेरा खाली घेतला, पडद्यावर फोटो आला, मी तिच्या खांद्यावरून डोकावले. वर बाप, खाली पिल्लू, दोघांचे पंख उघडे, आणि मध्ये मासा. दोन्ही चोचींत! पाण्याचा थेंबसुद्धा दिसत होता!

"डोळे मिटलेत," मावशी म्हणाली. "रिजेक्ट."

आणि अंगठा.

"मावशीऽऽऽ!"

मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर अर्धी वसाहत उडाली. काका धावत आत आले. "काय झालं? साप निघाला का?"

"हिने डिलीट केला! काका, मासा मध्ये होता! हिने डिलीट केला!"

"अगं पण पिल्लाचे डोळे मिटलेले होते," मावशी गोंधळून म्हणाली. "दोघांचेही. पांढरट दिसत होते."

काकांनी फटीतून बाहेर बोट दाखवलं. मग म्हणाले, "ताई, ते मिटणारच. त्यांच्या डोळ्यावर आतून एक पातळ पडदा येतो. एवढ्या वेगाने चोच तोंडाशी आली तर डोळा फुटायचा ना. मासा देता घेता पडदा येतोच बहुतेक."

मावशीने कॅमेरा मांडीवर ठेवला. मला वाटलं आता रडते की काय.

"म्हणजे," ती हळू म्हणाली, "इतके आठवडे मी..."

"किती डिलीट केलेस?"

"अगं दर वेळी. तीन-चार तरी. इथेच बसून."

परत आणता येतील का म्हटलं, तर बाईने त्याच कार्डावर त्यावरून शेकडो फोटो काढलेले! मी कपाळाला हात लावला. आणि मावशी हसायला लागली. आधी नाकातून, मग पोट धरून, मग डोळ्यांतून पाणी. काकाही सुटले. "ताई, तुम्ही पक्ष्यांना पासपोर्टच नाकारत होतात की!"

"हसू नका," मावशी डोळे पुसत म्हणाली, आणि एकदम कडक झाली. "तू इकडे ये. माझा उजवा अंगठा धर."

"काय?"

"धरून ठेव. फोटो काढला की बटणाकडे जाऊ देऊ नकोस. सवय आहे, ऐकणार नाही तो."

झालं! उरलेला दिवस मी माझ्या मावशीचा अंगठा धरून बसले. खटखट झालं की मी अंगठा पकडायचे, तो माझ्या मुठीत वळवळायचा, खरंच सांगते, मासा पकडल्यासारखा. पण आता पक्षीच रुसले. वारा पडला, बाप लांब उतरायला लागले, एक पिल्लू मासा घेताना नेमकं दुसऱ्याच्या पाठीमागे गेलं, एका बापाचा मासा वाटेतच कोणीतरी पळवला. ऊन उतरलं. काका दारात येऊन उभे राहिले, कुलूप हातात होतं.

मावशी म्हणाली, "ते टोकाच्या दगडावरचं पिल्लू बघ. मगाचपासून उपाशी आहे."

सगळीकडे कल्ला, पण ते गप्प, मान खाली. मग एकदम ताठ झालं. मला काही ऐकू आलं नाही, त्याला आलं. पंख फडफडले, उठलं, वेडंवाकडं, धड उडताही येत नव्हतं त्याला, आणि वरून बाप तिरका आला, आणि

खटखटखटखट्!

मी अंगठा धरला. गच्च. मावशीने बघितलंच नाही, डोळे बंद करून बसली. "तू बघ. मी बघितलं तर जाईल."

मी बघितलं. बाप उलटा वळलेला, पिल्लाचा एक पाय अजून दगडाला टेकलेला, मासा वाकलेला, चोच आ वासलेली. आणि दोघांचे डोळे पांढरट, मिटलेले.

मी रडायलाच लागले. काका म्हणाले, "अगं सांग तरी त्यांना!"

"आहे," मी म्हटलं. "मावशी, आहे. आहे, आहे, आहे!"

दुसऱ्या दिवशी कापड निघालं. फोटो मोठा छापला, काचेत बसवला, आई तर दोनदा रस्ता ओलांडून लांबून बघून आली आणि मग फक्त "बरा आहे" म्हणाली, म्हणजे तिला खूप आवडला. किल्लीवाला बराच वेळ काचेला नाक लावून उभा. मग दारातून डोकं घालून म्हणाला, "ताई, फोटो झकास! पण यांचे डोळे मिटलेत की हो. तुम्ही कसा काय चालवून घेतला?"

मावशी स्टुलावरच्या माणसाची हनुवटी दोन बोटांनी खाली करत होती. मागे न बघता म्हणाली, "तोंडावर बाप येऊन आदळला की तुमचेही मिटतील. हं दादा, तुम्ही हलू नका."