चारची गाडी

"आधी मला पाच वर्षांनंतरचं सांगा," असं म्हणून त्या अंबाड्यातली पेन्सिल उपसायच्या. मग समोर प्राध्यापक असो, नाहीतर माझ्यासारखा शिपाई.

सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या कातळमाळावर, आमचं विद्यापीठाचं लहानसं केंद्र. तिथल्या त्या संचालक. बाकीचे म्याडम म्हणत; मी बाईच म्हणायचो.

एकदा सांगायला गेलो, लायब्ररीचं छप्पर गळतंय.

"तात्या, आधी पाच वर्षांनंतरचं सांगा."

"पाच वर्षांनी छप्परच नसंल. गळायचा प्रश्न मिटला."

एवढ्या हसल्या की चष्मा काढावा लागला. दुपारी पत्रेवाला हजर.

साहेब लोक तुम्हीही पाहिले असतील. योजना फाइलीत, फाइल कपाटात, किल्ली शिपायाकडे. बाईंचा आराखडा मात्र भिंतीवर होता, चांगला पुरुषभर लांब. नवी इमारत, वसतिगृह, सगळं त्यात. पण वाड्यांवरनं शिकायला येणाऱ्या पोरीच गळायला लागल्या. जूनमध्ये वर्ग भरलेला, दिवाळीनंतर अर्धा. वरून पत्र आलं : पट वाढला नाही तर केंद्र बंद.

बाईंनी बैठक घेतली. कुणी म्हणालं, मुलींना आवड नाही. कुणी म्हणालं, मोबाइल. मी चहा ठेवत होतो. राहवलं नाही.

"गाडी चारची हाय, बाई. तुमचा शेवटचा तास सुटतो साडेचारला. पुढची गाडी सातला. काळोखातनं वाडीपर्यंत चालायचं, कुठची आई पाठवील?"

एक प्राध्यापक म्हणाले, "तात्या, इथे धोरणाचं चाललंय."

"चालू द्या की. पोरी थांब्यावर हायत."

बाई दुसऱ्या दिवशी पोरींबरोबर थांब्यावर सातपर्यंत बसल्या, आणि एकीच्या वाडीपर्यंत चालत गेल्या. सकाळी आल्या त्या चपलेचा अंगठा तुटलेला. आल्या आल्या डेपोला फोन. डेपो म्हणाला, गाडीची वेळ हलणार नाही.

"मग आपण हलू," बाई म्हणाल्या, आणि सगळं वेळापत्रक सकाळी साडेसातला ओढलं.

प्राध्यापक कुरकुरले. मीही. फाटक साडेसहाला उघडणार कोण?

"शहाणपण मी शिकवलं नि शिक्षाही मलाच?"

"हा नवा आराखडा तुमचाच आहे, तात्या. खाली सही करा."

"करीन. पण नाव पुरं लिहीन, वडलांसकट."

लिहिलं. अर्धी ओळ गेली.

दोन वर्षांत बाकं कमी पडायला लागली. केंद्र बंद करायची गोष्ट परत कुणी काढली नाही. बाईंना मात्र मोठ्या जागेवर बोलावणं आलं. जायच्या दिवशी ऑफिसची मोटार दारात उभी, आणि बाई म्हणतात, "मी चारच्या गाडीनं जाते. स्टेशनवरूनच जाते ना ती?"

गाडी आली ती ठेचून भरलेली. पोरी उठायला लागल्या, तर बाईंनी खांदे दाबून बसवल्या. कंडक्टर ओरडला, "ओ ताई, आत सरका, आत जागा हाय!" जागा कसली! मी बॅग कशीबशी वर ढकलली.

गाडी हलली तेव्हा खिडकीतून वरची दांडी तेवढी दिसली. पंधरा-वीस हात धरून होते. त्यांतला बाईंचा कुठला, ते काही मला ओळखता आलं नाही.