चित्रातला चुकलेला हात

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावचे गिरीशकाका औषध कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांनी गॅरेजमधली गाडी बाहेर काढून तिथे छापायचं यंत्र बसवलं. एकोणिसाव्या शतकातल्या शहरी व्यंगचित्रांचं त्यांना वेड होतं: लाचखाऊ नगरसेवक, भाजीच्या गाडीवरची भांडणं, बायकोला झोडपून चर्चला निघालेले सभ्य गृहस्थ. तशीच चित्रं ते जुन्या पद्धतीने चुनखडीच्या दगडावर काढत आणि कागदावर छापत. माणूस तिरसट, पण खोटी रेघ ओढायचा नाही.

मार्चमध्ये ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष यतीन बायकोच्या तोंडात मारताना त्यांना दिसला. सलोनीचं डोकं गाडीच्या दारावर आपटलं. काका धावले.

"काका, प्लीज, कोणाला सांगू नका," ती म्हणाली. "माझ्यावर कोण बिलीव्ह करणार?"

काकांनी सांगितलं नाही, चित्र काढलं. गळ्यात हार घातलेला गृहस्थ एका हाताने सभेला अभिवादन करतोय, दुसऱ्याने बायकोला मारतोय. चेहरा उंच हॅटखाली झाकलेला. खूण एकच, डावा हात, कारण यतीन डावखुरा.

पाडव्याच्या कार्यक्रमात शाळेच्या हॉलमध्ये चित्र लावलं, खालच्या टेबलावर पुस्तकाएवढा मूळ दगड ठेवला. पण रागाच्या भरात काका मुख्य गोष्टच विसरले होते. दगडावरचं चित्र कागदावर आरशातल्यासारखं उलटं उमटतं. छापात मारणारा हात उजवा झाला. कोणी यतीनला ओळखलं नाही. सगळे हसले. मीही हसले, सांगायला लाज वाटते.

यतीनने मात्र स्वतःला ओळखलं. त्याने फ्रेम ओढून काकांच्या कपाळावर हाणली. काच फुटली, रक्त डोळ्यांत उतरलं.

"म्हाताऱ्या, माझ्या घरात नाक खुपसतोस?"

काका टेबलाच्या आधाराने उभे राहत होते. त्याने डाव्या हाताने दगड उचलला आणि त्यांच्या उजव्या पंजावर घातला, एकदा, पुन्हा एकदा. बोटं मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत आला. चौघांनी त्याला खाली पाडलं, तरी तो लाथा झाडतच होता.

पोलीस आले. "मिसअंडरस्टँडिंग आहे," यतीन इंग्रजीत सांगू लागला.

सलोनी पुढे आली. तिने केस मागे सारले. उजवा गाल काळानिळा पडला होता.

"काका, चित्रात हात चुकलाय," ती म्हणाली. "हा डाव्या हाताने मारतो."

मग तेच तिने पोलिसाला इंग्रजीत सांगितलं. त्याने विचारलं, कधीपासून?

"चार वर्षं."

चार वर्षं मी यतीन-सलोनीच्या भिंतीला भिंत लावून राहते आहे.