तांते हर्मिनाच्या रुमालाचा तुरा

शिवणाच्या क्लासमधून टाचण्या कशा आपल्याबरोबर घरी येतात, तसे आमच्या अंगिसा-क्लासचे किस्से येतात. कुठेही बसलं की टोचतात!

अंगिसा म्हणजे सुरिनामी बायकांचा डोक्याचा रुमाल. खळ देऊन, घड्या घालून, टाचण्यांनी पक्का केलेला. इथे द हेगमध्ये, आमच्याच गल्लीत, तांते हर्मिना शिकवते. तांते म्हणजे मावशी.

पहिल्याच दिवशी तांते म्हणाली, "कापड कडक हवं."

"आम्ही साड्यांना खळ घालणारी माणसं!" मी फुशारकी मारली आणि साबुदाण्याची दाट खळ घालून नेलं.

तांतेनं त्यावर टकटक केलं. "दार छान झालंय. रुमाल कुठाय?"

*

एकदा ती म्हणाली, "आमच्या पणज्यांच्या आज्यांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलं. मालकासमोर तोंड उघडायची सोय नव्हती. मग बायका घड्यांतून बोलायला लागल्या. प्रत्येक घडीचा निरोप वेगळा."

मग माझ्याकडे वळून, "तुमच्याकडे बायका न बोलता कशा बोलतात?"

"भांडी आपटून."

"मग तू लवकर शिकशील!"

*

'मी चिडलेय' अशीही एक घडी आहे. नवऱ्याशी वाजलं तेव्हा मी ती घालून संध्याकाळभर घरात फिरले. हा इंजिनिअर माणूस! लॅपटॉपमधून मान वर करून म्हणाला, "केस अजून वाळले नाहीत का गं?"

*

मग तांतेची सत्तरी आली. सुरिनामी लोकांत ती लग्नाच्या थाटात करतात. "त्या दिवशी तुमच्यापैकी एकीनं बांधलेलाच अंगिसा घालणार," तांतेनं जाहीर केलं. मला तो मान हवाच होता! पण स्पर्धेत तिची सख्खी भाची, मॉरीन. मी घरी कुकरवर सराव सुरू केला.

लेक शाळेतून आली. "मॉम, इज द कुकर गोइंग टू अ पार्टी?"

*

आणि निवड झाली माझी! घडी ठरली होती, 'बोलू देत लोकांना'. मी बिनचूक घातली. फक्त सुनीसुनी वाटली, म्हणून बाजूला फेट्यासारखा झोकदार तुरा काढला.

तांतेनं आरशात बघितलं आणि तशीच हॉलमध्ये गेली. बायका खो खो हसत सुटल्या. मॉरीन माझ्या कानाशी आली. "अगं, असा तुरा काढला की अर्थ होतो, 'कोपऱ्यावर माझी वाट बघ'!"

सगळे नातेवाईक, चर्चची मंडळी... मला तोंड कुठे लपवू असं झालं. धावत तांतेला शोधलं. ती आत आरशासमोर लिपस्टिक लावत होती.

"तांते, सॉरी! पटकन बदलून देते!"

"हात लावशील तर बघ! आधी खिडकीतून डोकाव."

ट्राम वळते त्या कोपऱ्यावर, सूट-टाय घातलेले तीन आजोबा एकमेकांकडे खुन्नसनं बघत उभे होते.