बाहुबली आण्णांची उरलीसुरली सायकल

मंगळवार पेठेतले बाहुबली आण्णा सायकलीला तळहातावरच्या फोडागत जपायचे. पहिल्या पगारातनं घेतलेली सायकल. लग्नानंतर सीताबाईंना हिच्याच कॅरिअरवर बसवून त्यांनी रंकाळा दाखवलेला. सीताबाई मात्र तेव्हापासून एकच विचारत आल्या, "सायकल मोठी का मी?" आण्णा हसायचे आणि विषय बदलायचे.

रोज सकाळी ते स्टॉपवर सायकल लावायचे आणि कंपनीच्या बसनं शिरोली एमआयडीसीला जायचे. यंदा त्या स्टॉपवर कुणाची वाईट नजर पडली कुणास ठाऊक! आधी घंटी गेली. मग पंप. मग सीट! मेल्याला सायकल चालवायची नव्हतीच, केळ्यागत सोलायची होती. तेव्हापासून आण्णा नवी सीट काढून पिशवीत घालून कामावर न्यायला लागले. अख्खी बस चेष्टा करायची, "आण्णा, सीट घिऊन आलाय न्हवं, मग बसा की!"

मार्गशीर्षातल्या एका संध्याकाळी आण्णा बसमधनं उतरले, तर सायकलीचं पुढचं चाकच गायब. मागच्या चाकाला कुलूप तसंच, पुढं नुसता उघडा चिमटा. सायकलीचं दुःख होतंच, पण दिवस कलला होता आणि चालत घर गाठेपर्यंत अंधार पडला असता. घर जैनाचं. दिवस बुडला की जेवण बंद म्हणजे बंद. आण्णा एक रात्र उपाशी सहज काढतील, पण सीताबाईंना शुगर. मागच्या महिन्यात आण्णांची वाट बघत अशाच उपाशी राहिल्या आणि घेरी येऊन पडल्या.

त्यांनी फोन लावला. "सीता, तू जेवून घे."

"तुम्ही आल्याबिगर घास उतरत न्हाई. या की लवकर."

आता काय बोलायचं ह्या हट्टाला! आण्णांनी रिक्षा थांबवली आणि सायकल उचलली.

"पावणं, माणूस बसवतो," रिक्षावाला म्हणाला, "सांगाडा न्हाई."

"हितं ठेवली तर सकाळपतूर नटबी उरायचा न्हाई ओ."

"मग तुम्हीच ठरवा."

आण्णांनी कॅरिअरवरनं एकदा हात फिरवला. मग मागचं कुलूप उघडलं आणि किल्ली तशीच त्यात ठेवली. "घ्या बाबा, एकदाच काय ती न्या," असं रस्त्याला सांगून ते रिक्षात बसले. डोळे भरून आले होते, ते रिक्षावाल्याला दिसू दिले नाहीत.

पेठेत उतरले तेव्हा अजून उजेड होता. सीताबाई दारातच उभ्या. त्यांनी आण्णांकडं बघितलं, मग मागच्या मोकळ्या बोळाकडं.

"सायकल कुठं हाय?"

"सोडून आलो."

"सोडून? तुम्ही?"

"तू उपाशी हुतीस."

सीताबाई आत वळल्या. पाट मांडला, भाकरी वाढली, आण्णांच्या आमटीत तूप जरा जास्तच ओतलं. स्वतःचा घास तोंडाशी नेताना त्यांनी पदरानं डोळे टिपले.

"तीस वर्सं इचारतीया," त्या म्हणाल्या, "आज सांगितलासा व्हय? जेवा आता. दिवस बुडतोय."