कालचं पाणी

आज सकाळी नळाच्या पाण्याला क्लोरीनचा उग्र वास आला आणि मुलुंडच्या आमच्या जुन्या खोलीतली निळी बादली आठवली.

कॉलेजात असताना मी माशांची टाकी आणली होती. नळाचं पाणी थेट ओतलं तर त्यातला क्लोरीन माशांना बाधतो; तो उडून जावा म्हणून मी ते पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचो. आईची सवय मात्र गावापासूनची. सकाळी पाणी आलं की कालचं ओतून ताजं भरायचं. एक दिवस तिने बादली तर रिकामी केलीच, टाकीतलंही सगळं पाणी काढून नळाचं भरलं. मी घरी आलो तेव्हा सातही मासे तरंगत होते.

"शिळ्या पाण्यात कशे रवतले रे ते?" ती म्हणाली.

"कळत नाही तर हात कशाला लावतेस?" मी ओरडलो.

मासे मी पुन्हा आणले नाहीत. तरी रोज सकाळी ती भीत भीत विचारायची, "ही बादली ओतू काय?"

पाणी तेव्हा तासभरच यायचं. त्यातलं पहिलं तिने माशांना दिलं होतं, हे मला आत्ता कळतंय.

आता घरात मी एकटा. टाकी पुन्हा घेतलीय. बादली चार-चार दिवस भरलेली असते, कुणी ओतत नाही.